गाडीत टेम्परेचरचा काटा नाही. बाहेरून बसवलाय का कुणी?

तिसरा_गिअर, पुणे | रविवार, रात्री ९:५०

मंडळी, गाडी १२ वर्षं जुनी. पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, ९४ हजार किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून धागा 'कुणाची गाडी भारी' वर जाईल.

डॅशबोर्डवर टेम्परेचरचा काटा नाही. इंजिन गार असलं की निळा दिवा, फार तापलं की लाल. मधलं सगळं रामभरोसे.

मे महिन्यात चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाट चढत होतो. एसी चालू, पाच माणसं, डिक्कीत दोन फणस आणि आईने बांधून दिलेलं बरंच काही. पुढे चिरे भरलेला ट्रक, त्यामुळे पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. पोफळी सोडल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, गोडूस वास येतोय." बायको म्हणाली, फणसाचा असेल. मलाही पटलं. दहा मिनिटांनी लाल दिवा लागला आणि गाडी बाजूला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ. रेडिएटरच्या वरच्या होस पाईपला क्लिपजवळ चीर होती. कूलंट किती दिवस गळत होतं कुणास ठाऊक. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) उडालं, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला गेलं, २१ हजारांना पडलं.

आता वेगळा काटा बसवायचाय. स्वतः. मला इलेक्ट्रिकचं थोडंफार कळतं, इंजिनाचं फक्त वाचून. प्रश्न: मेकॅनिकल घ्यावा की इलेक्ट्रिक? सेन्सर कुठे बसवायचा? वायर आत कशी आणायची?

---

ओहमचा_नियम | रविवार, रात्री १०:२०

होस कापायच्या आधी स्टिअरिंगखाली वाकून बघा. १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडी तपासायचं यंत्र जोडायची जागा) असेलच. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला कूलंटचं तापमान माहीत असतं, फॅन त्याच्याच हुकमावर चालतो. फक्त तुम्हाला ते दाखवलेलं नाही. ब्लूटूथचा डोंगल लावा, मोबाईलवर ॲप टाका, आकडा समोर. आत काय चालतं तेही सांगतो: ईसीयू ० ते २५५ मधली एक संख्या पाठवतं, त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस. १३० आले तर ९० अंश. एवढं सोपं.

एक मात्र करू नका. गाडीच्या मूळ सेन्सरच्या वायरीला बाहेरच्या काट्याची वायर जोडू नका. तो सेन्सर म्हणजे तापला की रेझिस्टन्स कमी होणारा थर्मिस्टर. ईसीयू त्याला ५ व्होल्ट देतं आणि किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान काढतं. तुम्ही समांतर काही जोडलंत की त्याला इंजिन आहे त्यापेक्षा गरम वाटणार. पेट्रोल कमी सोडेल, फॅन भलत्या वेळी लावेल. काट्याचा सेन्सर वेगळाच हवा.

---

तिसरा_गिअर | रविवार, रात्री १०:४१

ओबीडी करून बघितलं, चालतं. पण मोबाईलवर तेव्हा नकाशा असतो, नाहीतर फोन असतो, नाहीतर मुलाच्या हातात असतो. शिवाय आठ दिवस गाडी उभी होती, डोंगल काढायला विसरलो, बॅटरी झोपली. डोळ्यासमोर कायम दिसेल असं काहीतरी हवंय.

---

गॅरेजवाला_कोल्हापूर | सोमवार, सकाळी ७:३५

मेकॅनिकल घेऊ नका. चांगला असतो, करंटबिरंट लागत नाही, नळीतल्या वाफेच्या दाबावर काटा फिरतो. पण ती तांब्याची बारीक नळी काट्याला आणि बल्बला (पाण्यात बुडणारं टोक) कायमची जोडलेली असते. कापता येत नाही, सांधता येत नाही. आख्खा बल्ब इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातनं पलीकडं न्यायचा म्हणजे बोटभर भोक पाडायला लागतंय, आणि नळी कुठं दुमडली की काटा मेला. जीपला, जनरेटरला ठीक. तुमच्या गाडीला इलेक्ट्रिकच.

सेन्सरसाठी वरच्या होसमध्ये टी बसवायचा. ॲल्युमिनियमचा तुकडा मिळतो, मधे सेन्सरचं भोक असतंय. होसचं आतलं माप मोजून घ्या, ३० ला ३२ चा चालवून घेऊ नका. होस सरळ असेल तिथं कापायचा, वाकणावर नाही.

आणि होस रबराचा आहे हे ध्यानात ठेवा. सेन्सरला एकच वायर असेल तर अर्थिंग बॉडीतनं येतं, पण टी रबरात लोंबकळत असतोय, त्याला अर्थिंग कुठनं येणार? वेगळी वायर टीला बांधून इंजिनाला न्या. माझ्याकडं महिन्याला एकतरी येतो, "काटा हलतच नाही" म्हणून. दोन मिनिटांचं काम असतंय.

---

बागायतदार_तासगाव | सोमवार, सकाळी ८:०५

गंमत वाटते. माझ्या ट्रॅक्टरला काटा आहे, फवारणीच्या जुन्या इंजिनाला आहे, आणि लाखो रुपयांच्या कारला दिवा. वडिलांच्या मारुती ८०० मध्येसुद्धा पेट्रोलशेजारी टेम्परेचरचा काटा होता.

---

ओहमचा_नियम | सोमवार, सकाळी ८:३०

@बागायतदार, काटा असलेल्या नव्या गाड्यांतही फार हुरळून जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम 'शांत' केलेला असतो. इंजिन ८० असो की १००, काटा बरोब्बर मधे. कारण काटा जरा हलला की लोक सर्व्हिस सेंटरला धावतात. म्हणजे तोही एक प्रकारचा दिवाच, काट्याच्या वेषातला.

---

निवृत्त_फिटर | सोमवार, दुपारी ३:१५

तीस वर्षं डिझेल इंजिनांवर काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

सगळे 'कुठला काटा' यावर बोलताहेत. खरा प्रश्न 'सेन्सर कुठे' हा आहे. काटा इंजिनाचं तापमान दाखवत नाही. सेन्सरच्या टोकाला जे काही टेकलं असेल त्याचं तापमान दाखवतो. हे डोक्यात पक्कं बसलं नाही तर काटा नसलेला बरा.

वरच्या होसमध्ये टी बसवला, ठीक. सकाळी गाडी सुरू केलीत. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप) बंद आहे, तो ८२ किंवा ८८ ला उघडणार. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं, रेडिएटरकडे जात नाही, होस जवळपास गारच. काटा ४०-५० वर रेंगाळेल आणि थर्मोस्टॅट उघडला की एकदम उडी मारेल. त्याला घाबरू नका. पण समजा थर्मोस्टॅट बंद अवस्थेतच अडकला. इंजिन आत उकळतंय, होसला गरम पाणी पोचतच नाही, आणि तुमचा काटा म्हणतोय ५५. छान, गार आहे.

दुसरी गोष्ट, तुमच्याच किश्श्यातली. कूलंट गळून गेलं. वरचा होस सगळ्यात उंच, म्हणजे रिकामा आधी तोच होणार. सेन्सर आता पाण्यात नाही, हवेत आहे. इंजिनाचं लोखंड तापतंय आणि काटा खाली येतोय. लोक काटा चढण्याची वाट बघतात, तो चढतच नाही.

म्हणून थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या घराच्या इंजिनाकडच्या बाजूला एखादं बुच मारलेलं भोक असेल तर सेन्सर तिथे. ती जागा पहिल्या नंबरची. नसेल तर टी, पण वरचं सगळं लक्षात ठेवून.

---

सीएनजीवाली_मीनल, ठाणे | सोमवार, संध्याकाळी ६:५०

माझ्या सीएनजी गाडीत किटवाल्याने हीटरच्या पाईपमधून रिड्युसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गरम पाणी दिलंय. त्या पाईपमध्ये टी बसवला तर? होस तरी बारीक आहे, कापायला सोपा.

---

निवृत्त_फिटर | सोमवार, संध्याकाळी ७:३०

काही गाड्यांत ती जागा उत्तम, कारण हीटरच्या लाईनमध्ये थर्मोस्टॅट बंद असतानाही पाणी फिरतं. पण काही गाड्यांत हीटर बंद केला की पाण्याचा कॉक बंद होतो, मग तिथलं पाणी साचलेलं. आधी हीटर बंद ठेवून दोन्ही पाईपना हात लावून बघा, जपून, चटका बसेल. दोन्ही गरम असतील तर पाणी फिरतंय. सेन्सर रिड्युसरच्या आधी बसवा, नंतर नको. रिड्युसर पाण्यातली उष्णता खातो.

---

सीएनजीवाली_मीनल | सोमवार, रात्री ८:००

दोन्ही गरम आहेत. धन्यवाद काका. अजून एक सुचवते, सगळ्यांनाच: बझरवाला काटा घ्या. मी दोन वर्षं ऑइल प्रेशरचा काटा वापरते. खरं सांगू, पहिले पंधरा दिवस दर मिनिटाला बघायचे, आता महिन्यात एकदा बघत असेन. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये काट्याकडे कोण बघतंय! कानात ओरडलं पाहिजे.

---

ओहमचा_नियम | सोमवार, रात्री ९:१०

फिटरकाकांच्या 'हवेतला सेन्सर' मुद्द्यावर उपाय आहे. पाण्याऐवजी धातूचं तापमान मोजा. कानातल्या रिंगसारखा गोल चपटा सेन्सर मिळतो, हेडवरच्या एखाद्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली वॉशरसारखा बसतो. होस कापायला नको, कूलंट सांडायला नको, पाणी असो नसो धातू खोटं बोलत नाही. आकडा पाण्यापेक्षा थोडा वेगळा येईल. आठवडाभर तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा बघा आणि त्याच्यावर १०-१५ अंशांवर बझर लावा.

लाल अक्षरांत सूचना: ब्रॅकेटचा बोल्ट. हेड बोल्ट नाही. हेड बोल्ट ठरावीक क्रमाने आणि ठरावीक ताकदीने आवळलेले असतात, त्यातला एक सैल केलात की पुन्हा फेसिंगवाल्याकडे.

---

गॅरेजवाला_कोल्हापूर | सोमवार, रात्री ९:२५

ते रिंगवालं चांगलं आहे बगा. मान्य.

---

तिसरा_गिअर | मंगळवार, रात्री ११:०५

हेडवर मोकळं भोक नाही, टॉर्च मारून पाहिलं. डिजिटल काटा घेतला, ५२ मिलिमीटरचा, बझरसकट, सेन्सर दोन वायरींचा. त्याबरोबर ३२ चा टी. टी लावतो, रिंग पुढच्या महिन्यात. हो, ऐकतोय मी काका, पण पाण्याचा आकडा मला बघायचाच आहे.

आता अडचण. टीबरोबर बुच आलं नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून १/८ चं पितळी बुच आणलं. दोन फेरे गोड फिरलं, मग अडलं. पान्याने जोर लावू का?

---

निवृत्त_फिटर | बुधवार, सकाळी ६:२०

हात काढा पान्यावरून!

टीचे आटे एनपीटी आहेत, तुमच्या हार्डवेअरवाल्याकडचे बीएसपी, आट्यांच्या दोन वेगळ्या पद्धती. दोन्हीला दुकानात '१/८' च म्हणतात. एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. आट्याचा कोनही वेगळा, ६० आणि ५५. एका आट्याचाच फरक, म्हणून सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं. जोर लावलात तर ॲल्युमिनियम मऊ आहे, पितळ त्याचे आटे कातरून आत जाईल आणि मग आयुष्यभर थेंब थेंब. बुच विसरा, त्या भोकात सेन्सरच बसवायचा आहे ना? सेन्सर हाताने चार-पाच फेरे सहज गेला तर तो एनपीटी. टेफ्लॉन टेप दोनच वेढे, टोकाकडचा पहिला आटा मोकळा सोडून. एका वायरीचा सेन्सर असता तर टेपही जपून म्हटलं असतं, अर्थिंग अडतं. तुमचा दोन वायरींचा आहे, चिंता नाही.

---

तिसरा_गिअर | बुधवार, रात्री १०:१५

सेन्सर हाताने छान गेला. वाचलो.

बसवायच्या आधी घरीच तपासला. गॅसवर पातेल्यात पाणी, गाडीची बॅटरी ओट्याखाली (बायकोने फोटो काढून तिच्या बहिणींच्या ग्रुपवर टाकलाय), सेन्सर स्वयंपाकाच्या चिमट्याने धरून उकळत्या पाण्यात. खदखदा उकळतंय आणि काटा ९८ वर थांबला. पाच मिनिटं धरला, ९८ च. बदलून मागू का?

---

ओहमचा_नियम | बुधवार, रात्री १०:२२

काटा बरोबर आहे, तुमचं गाव उंचावर आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. दर ३०० मीटरला उकळबिंदू अंदाजे एका अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ लाच उकळतं. चिपळूणला आईकडे नेऊन बघा, १०० दाखवेल. महाबळेश्वरला ९५-९६.

---

बागायतदार_तासगाव | बुधवार, रात्री १०:५०

मग घाट चढून वर गेलं की गाडीतलं पाणीही लवकर उकळणार?

---

निवृत्त_फिटर | गुरुवार, सकाळी ६:४०

थोडंसं. पण रेडिएटरचं झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी समजा. आत बाहेरच्यापेक्षा ०.९ बार किंवा त्याच्या आसपास जास्त दाब धरून ठेवतं. त्या दाबाला समुद्रकाठी साधं पाणी ११८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ११६ धरा. निम्मं निम्मं कूलंट असेल तर त्याहून वर. दोन-अडीच अंशांनी काही बिघडत नाही.

बिघडतं ते झाकणाचं रबर कडक झाल्यावर. दाब धरला नाही की तेच पाणी ९५ ला उकळणार, आणि काटा ९५ दाखवतोय म्हणून तुम्ही निवांत. बारा वर्षांच्या गाडीचं झाकण आधी बदला.

---

तिसरा_गिअर | रविवार, संध्याकाळी ७:३०

बसवलं! सकाळी ८ ला सुरू केलं, यूट्यूबवाला ४० मिनिटं म्हणाला होता, मला ५ तास लागले. क्रमाने सांगत नाही, जिथे अडलो ते सांगतो.

होस कापणं: इंजिन रात्रभर गार. खाली घमेलं ठेवलं. पहिला काप मारताना हात थरथरत होता, चांगला होस आपल्या हाताने कापायचा म्हणजे मनाची तयारी लागते. टी जेवढी जागा घेतो तेवढा तुकडा होसमधून काढायचा असतो हे मला होस परत लावताना कळलं. होस लांब झाला आणि फॅनकडे वाकला. परत कापला. घमेल्यातलं कूलंट झाकून ठेवा, ते गोड असतं आणि विषारी. आमच्या पार्किंगमध्ये तीन मांजरं आहेत, एक आलंच होतं हुंगायला.

पत्र्यातून वायर: दीड तास इथेच गेला. नवं भोक पाडायचं नव्हतं. क्लच केबलच्या वर वायरिंगचा मोठा रबरी बुच आहे, त्याला एक रिकामी चोची असते. तिचं टोक कापलं, साडीच्या हँगरची तार सरळ करून आतून बाहेर घातली, तारेच्या टोकाला वायर टेपने बांधली आणि ओढली. तार तीनदा वायपरच्या मोटरमागे गेली. चौथ्यांदा मुलाला बॉनेटपाशी उभं केलं, तो ओरडला "दिसली!"

करंट: फ्यूज बॉक्समधून, फ्यूजवर फ्यूज लावायचा अडॅप्टर घेऊन, २ अँपिअरचा फ्यूज. किटच्या कागदावर लाल वायर इग्निशन लिहिलं होतं, प्रत्यक्षात लाल कायम चालू लागणारी होती. मल्टीमीटर नसता तर काटा रात्रभर जळत राहिला असता.

हवा काढणं: सोसायटीच्या उतारावर गाडीचं तोंड वर करून, झाकण उघडं, हीटर फुल गरम, इंजिन चालू. बुडबुडे येत राहिले, प्रीमिक्स कूलंट ओतत राहिलो. वीस मिनिटांनी थांबले. मग नवं झाकण.

आणि आता आकडे. उभ्या गाडीत फॅन ९६ ला लागतो, ९१ ला बंद. एक्सप्रेसवेसारख्या वेगात ८६-८८. कात्रजच्या चढाला एसीसकट ९९. बझर १०६ वर ठेवलाय. बारा वर्षांत पहिल्यांदा गाडी माझ्याशी बोलतेय असं वाटलं.

---

सीएनजीवाली_मीनल | रविवार, रात्री ८:१०

अभिनंदन! पंधरा दिवस दर मिनिटाला बघाल. :)

---

आळशी_चालक, नाशिक | रविवार, रात्री ९:००

वाचनखूण साठवली. पण एक शंका: मला फक्त लाल दिवा आहे आणि हे सगळं करायचा कंटाळा आहे. तर?

---

गॅरेजवाला_कोल्हापूर | रविवार, रात्री ९:४०

तर दर रविवारी गार गाडीचं बॉनेट उघडून कूलंटची बाटली बघा, मिन आणि मॅक्सच्या मधे हवं. गाडी उभी असते तिथं फरशी बघा. पाच वर्षांवरचे होस बोटानं दाबून बघा, करकरले तर बदला. शंभरातल्या नव्वद गाड्यांना एवढं पुरतं. माझा धंदा बसेल, पण पुरतं.

आणि गाडी वॉरंटीत असेल तर होसला ब्लेड लावू नका. ओबीडी वापरा.

---

तिसरा_गिअर | (अडीच महिन्यांनी) सोमवार, रात्री १०:३०

धागा वर काढतो, कारण सांगण्यासारखं झालंय.

गणपतीहून परत येत होतो. तोच कुंभार्ली, तीच पाच माणसं. काटा ९७, ९८, ९७. मुलगा शेजारी बसून मोठ्याने आकडे वाचत होता. अर्धा घाट झाला आणि तो म्हणाला, "बाबा, मस्त, ९१." मग ८५. मग ७८. चढावर, एसी चालू असताना, दुसऱ्या गिअरमध्ये. बायको म्हणाली बरंय, पावसाने गार झालं असेल.

मला फिटरकाकांचं वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला. बझर वाजला नव्हता, वाजणारही नव्हता. लाल दिवा नव्हता. पुढच्या वळणावर जागा होती, घेतली बाजूला, इंजिन बंद. बॉनेट उघडलं तर टीच्या इंजिनाकडच्या टोकाला क्लिप सैल, होस अर्धा निसटलेला, सगळीकडे हिरवं पाणी. झाकणाला हात लावला नाही, पाऊण तास थांबलो. मग क्लिप आवळली, दोन बाटल्या पिण्याचं पाणी घातलं, कोयनानगरपर्यंत हळूहळू आलो, तिथे गॅरेजमध्ये आणखी पाणी आणि नवी क्लिप. पुण्यात येऊन सगळं काढून कूलंट नव्याने भरलं. हेड शाबूत. मेकॅनिकने गॅस टेस्ट केली, पाण्यात धुराचा अंश नाही.

म्हणजे हिशोब असा, की गळती झाली ती मी काट्यासाठी जो सांधा केला तिथेच, आणि ती कळली ती काट्यामुळे. बायको म्हणतेय यात फायदा नक्की कुठे झाला ते तिला समजावून सांगा. अजून जमलेलं नाही.

रिंगवाला सेन्सर काल मागवला.

---

निवृत्त_फिटर | मंगळवार, सकाळी ६:१०

थांबलात, हे झकास. काटा चढावर उतरला आणि माणूस थांबला असं मी फार कमी वेळा ऐकलंय.

---

गॅरेजवाला_कोल्हापूर | मंगळवार, सकाळी ७:५०

क्लिप कुठली लावली होती?

---

तिसरा_गिअर | मंगळवार, सकाळी ९:१५

टीबरोबर आलेल्या पत्र्याच्या क्लिपा होत्या, भोकं पाडलेल्या. एक कमी होती म्हणून चौथी घरच्या पाण्याच्या पाईपची.

---

गॅरेजवाला_कोल्हापूर | मंगळवार, सकाळी ९:२०

निसटली ती चौथी का?

---

तिसरा_गिअर | मंगळवार, सकाळी ९:२२

हो.

---

गॅरेजवाला_कोल्हापूर | मंगळवार, सकाळी ९:३१

चारही बदला. कडेला गोल मुडपलेल्या, स्टेनलेसच्या घ्या, रबर कापत नाहीत. बसवल्यावर एकदा गाडी गरम करून गार होऊ द्या, मग परत अर्धा फेरा आवळा. हे मी पहिल्याच दिवशी लिहायला पाहिजे होतं, राहून गेलं.